कॉफी : बीपासून रक्तापर्यंत

मराठी घरात चहाला निमित्त लागत नाही, कॉफीला लागतं. उपवास, परीक्षेचं जागरण, कडाक्याची थंडी किंवा ‘चहा नको, कॉफी चालेल’ म्हणणारा पाहुणा. दूध तापवायचं, साखर घालायची, चमचाभर झटपट कॉफी ढवळायची, वर चिमूटभर जायफळ किसायचं, की झाली कॉफी! अलीकडे मात्र तालुक्याच्या गावीही कॅफे निघाले आहेत, तरुण मुलं बियांचं वाण आणि भाजणीचा रंग विचारू लागली आहेत आणि ऑफिसमध्ये दिवसाला तीन-चार कप सहज पोटात जातात. त्याच वेगाने सल्लेही वाढले. एक सांगतो, कॉफीने हृदय सांभाळलं जातं. दुसरा सांगतो, कॉफीने हृदयाची वाट लागते.

दोघंही कॉफीला एकच वस्तू समजतात, आणि गडबड तिथेच होते. साखरेविना काळी कॉफी, चिकोरी घातलेली दाक्षिणात्य फिल्टर कॉफी आणि आपली दूध-साखर-जायफळाची कॉफी ही तीन वेगळी पेयं आहेत. त्यामुळे अंगावर काय परिणाम होतो हे विचारण्याआधी कपात काय पडलं आहे हे पाहायला हवं.

मळ्यात

कॉफीची बी म्हणजे चेरीसारख्या लाल फळातला गर काढल्यावर उरणारा दाणा. एका फळात बहुधा दोन बिया असतात, एकमेकींना सपाट बाजूने चिकटलेल्या. जगाची कॉफी प्रामुख्याने दोन जातींवर चालते. अरेबिका उंचावर, थंड हवेत वाढते. चवीला नाजूक, सुवासाला श्रीमंत. रोबस्टा खालच्या, उष्ण भागात तगते. चवीला कडक, रोगाला कणखर. अरेबिकाच्या बीमध्ये साधारण १.२ टक्के कॅफीन असतं, रोबस्टात जवळपास दुप्पट. म्हणजे दहा ग्रॅम अरेबिका पुडीत सुमारे १२० मिलिग्रॅम आणि तेवढ्याच रोबस्टा पुडीत २०० मिलिग्रॅमच्या वर. ‘एक कप’ या मापाला इथेच तडा जातो.

झाड हे द्रव्य स्वतःच्या बचावासाठी तयार करतं. पानं-बिया कुरतडणाऱ्या किडींना ते विषारी ठरतं. पण फुलांतल्या मधात तेच कॅफीन अगदी अल्प प्रमाणात असतं, आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं, की त्यामुळे मधमाश्यांना त्या फुलाचा गंध अधिक काळ लक्षात राहतो. मात्रेप्रमाणे परिणाम बदलतो, हा कॅफीनचा स्वभाव झाडापासूनच आहे.

कॉफीचं मूळ इथिओपियात. पंधराव्या शतकात येमेनमधल्या सूफी साधकांनी रात्रीच्या जपासाठी ती प्यायला घेतली. सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी तिथून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा सांगते. तो डोंगर आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आज भारतातली सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात पिकते आणि देशाच्या एकूण पिकातही साधारण तेवढाच वाटा रोबस्टाचा आहे. आपल्याकडचे मळे मोठ्या झाडांच्या सावलीत असतात. त्या झाडांवर मिरीचे वेल चढवलेले असतात. मार्च-एप्रिलमध्ये वळवाची एक चांगली सर पडली, की आठ-दहा दिवसांत मळाच्या मळा पांढऱ्या फुलांनी भरून जातो. ती सर चुकली, की वर्षाचं पीक हातचं जातं. महाराष्ट्रात हे झाड पाहायचं असेल तर मेळघाटात चिखलदऱ्याला जावं. इंग्रजांच्या काळात तिथे कॉफी लावली गेली.

तोडणीनंतर दोन वाटा फुटतात. एकीत फळाचा गर काढून, बिया आंबवून, धुऊन वाळवतात. अशी कॉफी चवीला स्वच्छ आणि किंचित आंबट लागते. दुसरीत अख्खं फळच उन्हात वाळवतात. तिला जडपणा आणि फळाचा गोडवा येतो. मंगळूरच्या किनाऱ्यावर तर बिया पावसाळी वाऱ्यात पसरून फुगवतात. जहाजातून महिनोन्महिने प्रवास करताना दमट हवेने बियांना जी चव येत असे, ती आता मुद्दाम आणली जाते. ‘मॉन्सून्ड मलबार’ म्हणून ती परदेशात जाते.

भट्टीत

कच्ची बी हिरवट असते आणि तिला सुक्या गवताचा वास येतो. ज्याला आपण कॉफीचा वास म्हणतो तो भट्टीत जन्मतो. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास बी तडकते, लाह्या फुटल्यासारखा आवाज येतो, आकार फुगतो आणि वजन सुमारे १५ टक्क्यांनी घटतं. साखर आणि प्रथिनांचे घटक एकमेकांत मिसळून तपकिरी रंग आणि शेकडो सुगंधी द्रव्यं तयार होतात. ट्रायगोनेलिन नावाच्या द्रव्यापासून थोडं नायसिन, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्वही बनतं. क्लोरोजेनिक आम्लं मात्र भाजणी वाढेल तशी झपाट्याने कमी होतात. कच्च्या बीच्या वजनात त्यांचा वाटा कॅफीनच्या कितीतरी पट असतो, आणि कॉफीच्या आरोग्यगुणांचं बरंच श्रेय संशोधक त्यांनाच देतात.

कॅफीनला भट्टीचा फारसा धक्का लागत नाही. त्यामुळे काळीकुट्ट, कडू कॉफी म्हणजे जास्त कॅफीन हा समज खरा नाही. कडूपणा भाजणीने वाढतो. कॅफीन बीची जात आणि पुडीचं माप यांवर ठरतं.

फिल्टरमध्ये

कपातल्या साध्या काळ्या कॉफीत ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. पुडीच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा पाण्यात उतरला तर चव जमते. कमी उतरला तर आंबट-पांचट, जास्त उतरला तर तुरट-कडू. एस्प्रेसोच्या यंत्रात सुमारे ९ वातावरण इतक्या दाबाखाली पाणी अर्ध्या मिनिटात पुडीतून जातं. दक्षिणेतल्या स्टीलच्या फिल्टरमध्ये तेच काम गुरुत्वाकर्षणावर सोपवलेलं असतं.

तो फिल्टर नीट पाहण्यासारखा आहे. खाली साधं भांडं, त्यावर बारीक छिद्रांच्या तळाचं दुसरं. वरच्यात तीन-चार चमचे पूड घालायची, दांड्याची चकती तिच्यावर हलकेच टेकवायची, उकळी येऊन क्षणभर थांबलेलं पाणी ओतायचं आणि झाकण लावायचं. दहा-पंधरा मिनिटं थेंब थेंब डिकॉक्शन उतरत राहतं. पूड दाबून बसवली तर पाणी अडतं. सैल ठेवली तर भर्रकन उतरतं आणि पाणचट डिकॉक्शन हाती येतं. या संथ उतरण्यात चिकोरीचा मोठा हात आहे. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. ती पाणी धरून फुगते, रंग गडद करते, पेयाला दाटपणा आणि कडसर गोडवा देते. तिच्यात कॅफीन अजिबात नसतं. आपल्या कायद्यानुसार कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि दोन्हींचं प्रमाण पुड्यावर छापावं लागतं. ६०-४० मिश्रणाच्या एका चमच्यात निव्वळ पुडीच्या मानाने कॅफीन ४० टक्के कमी, हे साधं गणित ते छापील आकडे वाचले की कळतं.

झटपट कॉफी म्हणजे तयार डिकॉक्शन वाळवून केलेली भुकटी. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहार-मार्गदर्शनानुसार १५० मिलिलिटर गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असतं, झटपट कॉफीत ५० ते ६५ आणि चहात ३० ते ६५. दिवसाला एकूण ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असं हीच संस्था सांगते. चहाचं कॅफीनही याच हिशेबात धरायचं, हे आपण हमखास विसरतो.

मेंदूत

कॅफीन प्रथम वेगळं केलं ते जर्मनीच्या फ्रीडलिब फर्डिनांड रुंगे या तरुण रसायनशास्त्रज्ञाने, १८१९ च्या सुमारास. कवी ग्योथेने त्याला भेटीत कॉफीच्या बिया देऊन त्यांत काय आहे ते शोधायला सांगितलं होतं. कॅफीन काय करतं हे समजायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं.

दिवसभर मेंदू काम करतो तसतसं त्यात अॅडेनोसिन साठत जातं. ते आपल्या ठरलेल्या जागांवर जाऊन बसतं आणि मेंदूला विश्रांतीची सूचना मिळते. डोळे जड होतात ते त्यामुळे. कॅफीनचा रेणू घडणीत अॅडेनोसिनसारखाच असतो. एसटीच्या सीटवर कुणी रुमाल टाकून जागा अडवावी तसं ते या जागा धरून ठेवतं, आणि अॅडेनोसिन ताटकळत उभं राहतं. म्हणजे कॉफी शक्ती देत नाही. थकल्याचा निरोप पोचू देत नाही. कॅफीन ओसरलं, की साठलेला थकवा एकदम जाणवतो तो म्हणूनच.

प्यायल्यावर पाऊण तासात बहुतेक सगळं कॅफीन रक्तात उतरतं. त्यातलं निम्मं बाहेर पडायला निरोगी प्रौढाला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी पाचला १२० मिलिग्रॅमचा कप घेतला, तर रात्री दहाला ६० आणि पहाटे तीनला ३० मिलिग्रॅम अंगात असतं. २०१३ च्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिल्यावरही झोप तासाभराहून जास्त घटली. ‘मी कॉफी पिऊनही झोपतो’ म्हणणाऱ्याला झोप लागत असेल. ती गाढ लागतेच असं नाही. जायफळाने झोप येते असा घरोघरचा समज आहे, पण चिमूटभर जायफळ कॅफीन पुसून टाकत नाही.

हा वेग माणसागणिक बदलतो. यकृतातलं एक विकर कॅफीन मोडतं आणि ते कुणात चपळ असतं, कुणात मंद. धूम्रपान करणाऱ्यांत ते वेगाने चालतं. म्हणून सिगारेट सोडल्यावर तेवढ्याच कॉफीने धडधड वाढू शकते. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत अर्धं कॅफीन जायला पंधरा तासही लागतात, आणि पोटातल्या बाळाला ते मोडताच येत नाही. म्हणूनच युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने इतर प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगताना गर्भवतींसाठी ती २०० वर ठेवली आहे.

रोजच्या सवयीने मेंदू अॅडेनोसिनच्या बसण्याच्या जागाच वाढवतो. मग एक दिवस कॉफी चुकली, की १२ ते २४ तासांत डोकं धरतं. निर्जळी उपवासाच्या दुपारी कपाळ ठणकतं त्यामागे भूक-तहान असतेच, पण चुकलेला चहा किंवा कॉफीही असते. कमी करायची तर एकदम न तोडता आठवडाभरात अर्धा-अर्धा कप घटवावी.

रक्तात, यकृतात, हृदयात

२०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दोनशेहून अधिक संकलित अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. दिवसाला तीन-चार कप पिणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू, यकृताचे आजार आणि मधुमेह यांचं प्रमाण न पिणाऱ्यांपेक्षा कमी आढळलं. मधुमेहाबाबतचा फायदा कॅफीन काढलेल्या कॉफीतही दिसतो; म्हणजे श्रेय इतर द्रव्यांकडेही जातं. पण हे बहुतेक निरीक्षणाचे अभ्यास आहेत. कॉफीमुळेच आजार टळले, असं त्यांतून ठामपणे सिद्ध होत नाही. कर्करोगाच्या भीतीचंही असंच झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९१ साली कॉफीवर मूत्राशयाच्या कर्करोगाचा संशय नोंदवला आणि २०१६ साली तो मागे घेतला. त्याच वेळी ६५ अंशांहून गरम पेयांबाबत मात्र इशारा दिला. जीभ भाजेल इतकं गरम काहीच पिऊ नये.

कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचं द्रव्य असतं, ते रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढवतं. नॉर्वेत उकळलेली कॉफी पिणाऱ्यांत ते प्रथम लक्षात आलं. कागदी फिल्टर हे तेल अडवतो. पूड पाण्यात उकळली तर ते सरळ कपात येतं. कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल आणि कॉफीही भरपूर होत असेल, तर कागदी गाळणी किंवा झटपट कॉफी बरी.

आपल्याकडे सर्वांत गंभीर मुद्दा लोहाचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, महाराष्ट्रातही. कॉफीतली द्रव्यं जेवणातलं लोह धरून ठेवतात. एका प्रयोगात जेवणासोबत कॉफी घेतल्यावर लोहाचं शोषण सुमारे ३९ टक्क्यांनी घटलं, चहाने तर ६४ टक्क्यांनी. भाजी-भाकरीतलं लोह मुळातच कमी शोषलं जातं, त्यात हा फटका. म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर एक तास चहा-कॉफी टाळावी. लोहाची गोळी कॉफीबरोबर घेऊ नये, आणि थायरॉइडचीही नाही.

शेवटी साखर. एका कपात दोन चमचे म्हणजे साधारण दहा ग्रॅम. तीन कपांत तीस. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास राखायला सांगते. कॉफीच्या फायद्याची बातमी वाचून आपण जो कप उचलतो, त्यात त्या फायद्यावर पाणी फिरवायला साखरच पुरेशी असते.

कॉफी हे औषध नाही आणि विषही नाही. मोजून घ्यायचं सुंदर पेय आहे. पुड्यावरची टक्केवारी वाचा. दिवसाचे कप मोजताना चहाही धरा. दुपारी दोननंतर शक्यतो नको, जेवणाला लागून नको, साखर हळूहळू अर्ध्यावर आणा. घरात कुणी गर्भवती असेल किंवा कुणाला रक्तक्षय असेल, तर तिच्या हाती कप देण्याआधी वेळ पाहा. एवढं सांभाळलं तर सकाळची कॉफी निर्धास्त प्या.