आधी दुसरा लिव्हर हलवा!

सेकंडहॅण्ड फोर बाय फोर घ्यायचा विचार आहे? मग रंग, म्युझिक सिस्टीम आणि रुंद टायर बघून हुरळून जाऊ नका. गाडी चिखलातून बाहेर काढेल की तुम्हालाच तिला बाहेर काढावं लागेल, हे आधीच कळू शकतं!

हल्ली कुठल्याही ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये दोन विषय हमखास निघतात. एक अप्रेझल आणि दुसरा थार. कुणी नवीकोरी बुक केलेली असते, कुणी वेटिंगवर असतो आणि उरलेले ‘सेकंडहॅण्डमध्ये काही चांगलं दिसलं तर सांग रे’ म्हणत असतात. मी या तिसऱ्या गटातली. गेले पाच-सहा महिने पुणे, नाशिक, कोल्हापूर असं फिरून मी वीसेक गाड्या बघितल्या. ‘मॅडम, साहेबांना घेऊन या ना, दाखवतो’ हे वाक्य निदान आठ वेळा ऐकलं. असो. साहेब नव्हते, पण कात्रजचे एक गॅरेजवाले काका बरोबर होते आणि ते दहा साहेबांना भारी होते!

या सगळ्या फिरण्यातून एक गोष्ट पक्की कळली. आपल्याकडे लोक फोर बाय फोर विकत घेतात, पण तपासतात मात्र साधी कार तपासल्यासारखी. इंजिनचा आवाज, एसी, सीट कव्हर, झाला सौदा. गिअरच्या शेजारी जो दुसरा छोटा लिव्हर असतो, ज्याच्यासाठी आपण जास्तीचे पैसे मोजतो, तो कुणी हलवूनच बघत नाही. मी बघितलेल्या गाड्यांपैकी कितीतरींमध्ये तो लिव्हर गंजून घट्ट बसला होता. म्हणजे कागदावर चार चाकं चालणारी, प्रत्यक्षात दोनच!

तुमचे शेवटचे तीन किलोमीटर कुठले?

गाडी बघण्याआधी स्वतःला हा प्रश्न विचारा. वर्षातून एकदा लोणावळ्याला जायला फोर बाय फोर लागत नाही. ती लागते डांबरी रस्ता संपल्यानंतर.

माझ्यापुरतं सांगायचं, तर भोरच्या पुढे माझ्या मामांचं घर आहे. डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत अडीच किलोमीटर पाणंद, मध्ये एक ओढा. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत त्या वाटेवर ट्रॅक्टर सोडला तर काही जात नाही. मामा त्र्याहत्तर वर्षांचे, मामींना दम्याचा त्रास. १०८ला फोन केला की रुग्णवाहिका येते, पण ती डांबरावर थांबते. मागच्या पावसात मामींना खुर्चीत बसवून चौघांनी तिथपर्यंत उचलून नेलं. त्यामुळे आमच्या घरात ही गाडी म्हणजे टशनचा विषय नव्हताच.

शेवटच्या तीन किलोमीटरची माती कुठली, यावरही बरंच काही ठरतं. मावळ-मुळशी-भोरकडे चढ, दगड आणि निसरडी तांबडी माती. तिथे फोर लो म्हणजे कमी वेगाचा, जास्त ताकदीचा गिअर हवाच. मराठवाडा-विदर्भातली काळी माती वेगळी. ती ओली झाली की टायरच्या खाचांमध्ये भरून बसते आणि टायर गुळगुळीत होतो. मग चार चाकं फिरली तरी गाडी जागच्या जागी नाचते. तिथे गाडीइतकेच टायर महत्त्वाचे. कोकणात जांभा दगड त्यामानाने बरा, पण खारी हवा चासी खाते.

उमेदवार कोण कोण?

मारुती जिप्सी : १९८५ साली आलेली, १९९६ साली १.३ लिटरचं इंजिन मिळालेली आणि २०१८च्या अखेरीस सामान्य ग्राहकांसाठी बंद झालेली. वजन जेमतेम एक टन, त्यामुळे चिखलात बुडत नाही, अडकली तरी चार माणसं ढकलून काढतात. यंत्रणा साधी, कुठल्याही तालुक्याच्या गावी मेकॅनिक मिळतो. पण एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही आणि मागच्या सीटवर बसलेल्याचे हाल. आजारी माणसाला नेण्याच्या कामाची नाही. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. जिप्सीच्या काळातल्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. तेव्हा इंधनाचे रबरी पाइप आणि सील बदललेत का, ते आवर्जून विचारा.

जुनी थार : २०१०मध्ये आली, नव्या प्रदूषण नियमांमुळे २०२०मध्ये थांबली. यातली २.५ लिटरची सीआरडीई म्हणजे दणकट काम. मात्र जुन्या थारमध्ये डीआय नावाचं साधं इंजिनही होतं आणि ते टू-व्हील ड्राइव्हमध्येही मिळायचं. दोन्ही बाहेरून बहिणी-बहिणी दिसतात.

नवी थार : ऑक्टोबर २०२०पासूनची. आरामशीर, ताकदवान. सापळा एकच. जानेवारी २०२३मध्ये हिची फक्त मागची चाकं चालणारी आवृत्ती आली. चेहरा तोच, रुबाब तोच, फोर बाय फोर मात्र नाही. जाहिरातीत ‘थार’ एवढंच लिहिलं असेल, तर पहिला प्रश्न तोच विचारायचा.

जिम्नी : जून २०२३मध्ये आलेली. हलकी, पेट्रोल, फोर लोसह. कमी चाललेल्या गाड्या आता सेकंडहॅण्ड बाजारात दिसतात. चार माणसांचं कुटुंब आणि बेताचं सामान असेल तर विचार करण्यासारखी.

डस्टर एडब्ल्यूडी : २०१४मध्ये आली. हायवेवर इतकी छान चालते की विचारू नका. फोर लो नाही, पण पहिला गिअर मुद्दाम आखूड ठेवलेला. शेताचा रस्ता कच्चा पण सपाट असेल तर उत्तम. डिझेल डस्टर २०२०मध्ये बंद झाली, त्यामुळे ऑल व्हील ड्राइव्हचे खास पार्ट तुमच्या शहरात मिळतात का, हे आधी शोधा.

बोलेरो, स्कॉर्पिओ, सफारी यांच्याही फोर बाय फोर आवृत्त्या आहेत. पण रस्त्यावर दिसणाऱ्यांपैकी बहुतेक टू-व्हील ड्राइव्ह असतात. ‘एसयूव्ही आहे म्हणजे फोर बाय फोर असणारच’ हा गोड गैरसमज आधी डोक्यातून काढा.

वीस मिनिटांची परीक्षा

गॅरेजवाल्या काकांची पद्धत मी आता पाठ केलीय. तुम्हीही करा.

१) गाडी थंड असताना बघा. येण्याआधी मालकाने इंजिन गरम करून ठेवलं असेल, तर थोडी शंका घ्या. डिझेल गाडी सकाळी पहिल्या झटक्यात सुरू व्हायला हवी. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडलं आणि भसाभसा धूर आला, तर इंजिन थकलंय.

२) मातीच्या मैदानावर न्या. डांबरावर फोर हाय लावून वळवू नका. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, डांबरावर ती घसरू शकत नाहीत आणि सगळा ताण गिअरवर येतो. मातीवर फोर हाय टाका, स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि हळू फिरवा. गाडी जरा अडखळली, कुणी मागून धरल्यासारखी वाटली तर शाब्बास, पुढची चाकं जोडली गेलीत. लोण्यासारखी वळली तर समजा काहीतरी गडबड आहे. काही गाड्यांत पुढच्या चाकांचे हब हाताने लॉक करावे लागतात, काहींत ते आपोआप होतात. ते विसरू नका.

३) फोर लो टाकून चढ चढा. जोर लागल्यावर लिव्हर आपोआप उडून न्यूट्रलला आला, तर ट्रान्स्फर केस उघडावी लागणार. मग उतारावर पहिल्या गिअरमध्ये ब्रेकवरचा पाय काढा. गाडी मुंगीच्या पावलांनी उतरली पाहिजे.

४) डिफरन्शिअलचं ऑइल बघा. मागच्या एक्सलवरचा बोल्ट थोडा सैल करून बोटावर ऑइल घ्यायचं. काळं-तपकिरी असेल तर ठीक. दुधाच्या चहासारखं दिसलं, तर ओढ्याचं पाणी आत गेलंय आणि कुणी बदलायची तसदी घेतलेली नाही. एका ‘शोरूम कंडिशन’ गाडीत असा कटिंग चहा निघाला तेव्हा मालकाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

५) खाली झोपा. हो, खरंच! जुनी चादर घेऊन जा. चासीवर नवाकोरा काळा रंग मारलेला असेल, तर स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने ठोकून बघा. पाटे तुटलेत का, वेल्डिंग कुठे केलंय, जॉइंट हलतात का, सगळं खालूनच कळतं.

६) चारही टायर एकाच मापाचे, सारखे झिजलेले हवेत. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत पण रबर कडक झालेलं असेल, तर ओल्या दगडावर त्याचा उपयोग नाही.

‘मॅडम, ही शिकारीची गाडी आहे!’

हे मला कौतुकाने सांगितलं गेलं. टपावर सर्चलाइट, मागे आडवं बाकडं, हूड कापलेलं. जीप आणि शिकार ही जुनी जोडी खरी, पण तो जमाना गेला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला चाप लावला आणि १९९१च्या दुरुस्तीने ती जवळपास पूर्ण बंद केली. रानडुकरं किंवा रोही पिकाची नासाडी करत असतील तर वन खात्याकडे रीतसर परवानगी मागता येते, पण ती मिळाली तरी तेवढ्या कामापुरती. एरवी रात्री सर्चलाइट मारत जंगलातून फिरणं म्हणजे आफतीला आमंत्रण. या कायद्याखाली गुन्ह्यात वापरलेली आणि जप्त झालेली गाडी सरकारजमा होऊ शकते. तेव्हा अशा गाडीवर जुनं काही प्रकरण नाही ना, हे बघितल्याशिवाय विसार देऊ नका. मला रानात जायचंय ते मामांच्या घरी. मी नमस्कार करून निघाले.

कागद आधी, किल्ली नंतर

जुन्या जीपच्या बाबतीत हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. परिवहन खात्याच्या ॲपवर नंबर टाकून मालक, विमा, कर्जाचा बोजा आणि चलन बघा. मग आरसीवरचे इंजिन आणि चासी नंबर प्रत्यक्ष गाडीवरच्या नंबरांशी ताडून बघा. जुन्या जीपमध्ये इंजिन बदललेलं असणं अगदी कॉमन. ते आरसीवर चढवलेलं नसेल तर सोडून द्या. उत्पादकाच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलंय. २०१७च्या डिसेंबरमध्ये केंद्राने राज्यांना बुलबारवरही कारवाई करायला सांगितलं होतं. म्हणजे फोटोत सगळ्यात झकास दिसणारी गाडीच बहुधा सगळ्यात जास्त डोकेदुखीची!

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर फिटनेस करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, वर पर्यावरण कर. चौदा वर्षांची गाडी ‘स्वस्तात’ मिळत असेल, तर हा खर्च धरून हिशोब करा. दिल्लीकडून आलेल्या जुन्या डिझेल गाड्यांची एनओसी आणि इथला रोड टॅक्स कोण भरणार, ते आधी ठरवा. १ एप्रिल २०१९पूर्वी नोंदलेल्या गाडीवर एचएसआरपी नंबरप्लेट लागलीय का, तेही बघा. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, आधी कर्ज असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५. ‘ट्रान्स्फर नंतर करू’ या वाक्याला कधीही हो म्हणू नका.

मग मी काय घेतलं?

नाशिकच्या एका द्राक्ष बागायतदाराची २०१६ची सीआरडीई थार. दाराला चेपा, सीटवर बोर्डोच्या फवारणीचे निळे डाग, म्युझिक सिस्टीम बंद. पण दुसरा लिव्हर दोन बोटांनी पडत होता, कारण दर पावसाळ्यात तो वापरला जात होता. बिलांची अख्खी फाइल होती, त्यात डिफरन्शिअलचं ऑइल बदलल्याची तारीखसुद्धा. जी गाडी कधी चिखलात गेलीच नाही तिच्यापेक्षा, जी गेली आणि घरी आल्यावर धुतली गेली, ती बरी. ठरलेल्या बजेटमधला पाचवा हिस्सा मी बाजूला ठेवला होता. त्यात सगळी ऑइल्स, ब्रेक, बेल्ट आणि चार नवे टायर झाले.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. ही गाडी पुण्यात माझ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी नसते. अडचण येणार भोरमध्ये, मग गाडी पुण्यात ठेवून काय करायची? ती मामांच्या गोठ्याशेजारी असते. मामेभावाला आणि त्याच्या बायकोला, दोघांनाही मी ओढ्याच्या अलीकडे थांबून फोर लो टाकायला शिकवलंय. दर रविवारी दोघांपैकी एकाने ती डांबरापर्यंत नेऊन आणायची असा नियम केलाय. मामी पुढच्या सीटवर बसून जातात. त्यांची एकच तक्रार आहे, पायरी फार उंच आहे. गावातल्या सुताराकडून एक लाकडी पाट करून घेतलाय, तो आता गाडीतच असतो.