ओळीतल्या मुली

22 ऑक्टोबर 2025 रोजी न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये मिस्टी कोपलंडने अमेरिकन बॅले थिएटरचा निरोप घेतला. टाळ्या झाल्या, फुलं झाली, वर्तमानपत्रांनी भरभरून लिहिलं. 2015 मध्ये ती त्या संस्थेच्या 75 वर्षांच्या इतिहासातली पहिली काळी स्त्री प्रिन्सिपल झाली होती. प्रिन्सिपल म्हणजे बॅले कंपनीतली सगळ्यांत वरची पायरी. तिच्या कर्तृत्वाबद्दल माझ्या मनात नुसता आदर आहे. पण ती गेली त्या दिवशी त्या पायरीवर दुसरी एकही काळी स्त्री नव्हती. आणि जे लिहून आलं त्यात काळ्या नर्तकांचा बॅलेतला इतिहास जणू तिच्यापासूनच सुरू होत होता. न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्या वस्तीतल्या बॅले कंपनीचा उल्लेख आला तर एखाद्या वाक्यात, उपचारापुरता. 1980 च्या दशकात मी नोकरीनिमित्त न्यूयॉर्कमध्ये होते. तिथे डोळ्यांनी पाहिलेलं असं पुसलं जाताना गप्प बसवत नाही.

आधीची वर्षं भरभर सांगते. नर्तिका जॅनेट कॉलिन्सला बॅले रूस ही कंपनी घ्यायला तयार होती, पण तिने चेहरा पांढरा रंगवावा अशी अट होती. तिने नकार दिला, आणि 1951 मध्ये ती मेट्रोपॉलिटन ऑपेरात नाचली. रेव्हन विल्किन्सन 1955 मध्ये बॅले रूसमध्ये शिरली. दक्षिणेतल्या दौऱ्यात तिला हॉटेलात खोली मिळेना, कू क्लक्स क्लॅनची माणसं थेट रंगमंचावर आली, आणि शेवटी तिला स्वतःचा देश सोडून नेदरलँड्सच्या कंपनीत नाचावं लागलं. त्याच 1955 मध्ये हार्लेमचा आर्थर मिचेल हा तरुण न्यूयॉर्क सिटी बॅलेत आला. दोन वर्षांनी तिथल्या नृत्यरचनाकार बॅलन्शिनने 'अॅगॉन' बसवलं आणि त्यातलं युगुलनृत्य मिचेल आणि डायना अॅडम्स यांना दिलं. काळा पुरुष, गोरी स्त्री, आणि साल 1957. लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळ्या मुलांना सैनिकांच्या पहाऱ्यात आत न्यावं लागलं, ते हेच साल.

खरी गोष्ट यानंतरची. 4 एप्रिल 1968 ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, तेव्हा मिचेल ब्राझीलमध्ये बॅले कंपनी उभी करण्याच्या खटपटीत होते. परक्या देशात जे करतोय ते आपल्या वस्तीत का नाही, असं त्यांना वाटलं. 1969 मध्ये आपले गोरे गुरू कॅरेल शुक यांना सोबत घेऊन त्यांनी डान्स थिएटर ऑफ हार्लेम काढलं. वर्ग भरायचे एका जुन्या गॅरेजात. उकाड्यात दारं सताड उघडी असत आणि रस्त्यावरची पोरं डोकावत. टाइट्स घालायला लाजणाऱ्या मुलांना मिचेल कापलेल्या जीन्समध्येच सरावाच्या बारला उभं करत. 30 मुलांवर सुरू झालेली शाळा काही महिन्यांत 400 वर गेली. जानेवारी 1971 मध्ये गुगेनहाइम संग्रहालयात कंपनीचा रीतसर पहिला कार्यक्रम झाला.

त्याच्या पुढच्या वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. अमेरिकेतल्या काळ्यांचं राजकारण आणि साहित्य आपल्याकडे मनापासून वाचलं जात होतं. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्यांनी ते मराठीत आणलं. नाच मात्र आपल्यापर्यंत पोहोचला नाही. 1984 मध्ये मी या कंपनीवर लेख लिहून मुंबईच्या एका साप्ताहिकाकडे पाठवला. तो परत आला. सोबतच्या चिठ्ठीत संपादकांनी लिहिलं होतं की बॅले हा काही काळ्यांचा प्रकार नव्हे, त्यांच्या जॅझवर लिहा. इतक्या वर्षांनीही त्या चिठ्ठीचा राग गेलेला नाही. कुणी काय नाचावं हे जन्मावरून ठरवायचं, आणि तेही लावणी आणि भरतनाट्यमचा इतिहास ठाऊक असलेल्या माणसाने!

त्या लेखात मी 'फायरबर्ड'बद्दल लिहिलं होतं. संगीत स्ट्राविन्स्कीचं, पण 1982 च्या या प्रयोगात रशियन अरण्याचं उष्ण प्रदेशातलं घनदाट रान झालं होतं. नेपथ्य आणि वेशभूषा त्रिनिदादच्या जेफ्री होल्डर यांची. त्या हिरव्यागार रानात लाल पिसांची स्टेफनी डॅबनी यायची ती झेपावतच, आणि पकडली गेल्यावर तिचे हात असे थरथरायचे की माझ्या शेजारचा म्हातारा खुर्चीतून पुढे सरकायचा. 2022 मध्ये ती गेली. ही बातमी मराठीत मी कुठेच पाहिली नाही.

आणि 1984 चं 'क्रिओल जिझेल'. मूळ 'जिझेल'मध्ये जर्मनीतला सरदार शेतकऱ्याच्या पोरीला फसवतो. मिचेल यांनी पावलं जुनीच ठेवली, कथा मात्र 1840 च्या दशकातल्या लुईझियानात नेली, गुलामीतून सुटलेल्या स्वतंत्र काळ्यांच्या समाजात. तिथे माणसाची प्रतिष्ठा एका हिशेबावर ठरते: तुमचं घराणं गुलामीपासून किती पिढ्या लांब आलं? ज्याच्या जास्त पिढ्या तो वरचा, आणि नुकती सुटलेली जिझेल खालची. माझ्या आजूबाजूच्या प्रेक्षकांना हे कार्यक्रमपत्रिकेत वाचून घ्यावं लागलं. सोयरिकीच्या बैठका पाहत वाढलेल्या मला नाही लागलं. व्हर्जिनिया जॉन्सनची जिझेल वेडी होते त्या प्रसंगात ती ओरडत नव्हती, हात आपटत नव्हती. नुसती आईकडे वळून पाहायची, आणि त्या नजरेत फसवणुकीपेक्षा अपमान जास्त असायचा. दुसऱ्या अंकात विलींची, म्हणजे प्रेमात फसून मेलेल्या मुलींच्या भुतांची, रांग आली, पांढऱ्या पोशाखातली, एकामागोमाग एक, सगळ्या काळ्या आणि सावळ्या मुली. ती रांग पाहताना मला रडू आलं होतं.

कारण भांडण नेमकं त्या रांगेचं होतं. काळ्या पुरुषाला एखादी जागा मिळायची, एखादी असामान्य नायिकाही कधी चालून जायची. कोअर द बॅले, म्हणजे मागची समूहाची ओळ, मात्र एकसारखी दिसली पाहिजे आणि काळ्या मुलीने ती बिघडते, असं भले भले जाणकार उघड सांगत. पाय सपाट, कंबर रुंद, ही शरीरं यासाठी घडलेलीच नाहीत, हेही मी शिकल्यासवरल्या तोंडून ऐकलं आहे. हार्लेमने वाद न घालता ओळ उभी करून दाखवली. तरी तो युक्तिवाद मेला नाही. 2018 मध्ये क्लोए लोपेस गोम्स ही काळी नर्तिका बर्लिनच्या श्टाट्सबॅलेत आली, तर तिला 'स्वान लेक'साठी अंगाला पांढरा मेकअप लावायला सांगण्यात आलं. उलट भारतात घडणारं 'ला बायादेर' करताना मॉस्कोच्या बोल्शोई थिएटरात गोऱ्या मुलींना काळा रंग फासतात; 2019 मध्ये मिस्टीने ते चव्हाट्यावर आणलं, तेव्हा थिएटरच्या प्रमुखांनी बदल करायला साफ नकार दिला. काळा रंग चालतो, काळी त्वचा चालत नाही.

आमच्या इमारतीत राहणारी एक मुलगी 152 व्या रस्त्यावरच्या त्या शाळेत जायची. रविवारच्या ओपन हाउसला तिच्या आईबरोबर मीही जाऊ लागले. त्यांच्या स्वयंपाकघरात एक पातेलं खास टाइट्स रंगवण्यासाठी ठेवलेलं होतं. बाजारात मिळायचे ते टाइट्स आणि शूज फिकट गुलाबी, म्हणजे गोऱ्या पायाच्या रंगाचे. पायाची रेषा कमरेपासून अंगठ्यापर्यंत अखंड दिसावी म्हणून तो रंग. काळ्या मुलीच्या अंगावर त्यानेच रेषा तुटते. म्हणून हार्लेमच्या नर्तिकांनी 1970 च्या दशकातच स्वतःच्या त्वचेचा रंग घेतला. ती मुलगी रंगाच्या पाण्यात टाइट्स बुडवून हाताशी धरून पाहायची, पुन्हा बुडवायची. मग सॅटिनच्या पॉइंट शूजवर ओल्या स्पंजने तपकिरी पॅनकेक मेकअप चोळायची. टाचेची कड, शिवणीतली खाच, रिबिनीच्या दोन्ही बाजू. शूज एखाद्या प्रयोगात मऊ पडत, की पुन्हा पहिल्यापासून. लंडनच्या फ्रीड कंपनीने बॅले ब्लॅक या नृत्यसंस्थेच्या सोबतीने तयार तपकिरी पॉइंट शूज काढले, ते 2018 मध्ये. आणि परवा पुण्यात एका बॅलेच्या वर्गात आमच्या सावळ्या पोरी गुलाबी टाइट्समध्ये उभ्या पाहिल्या. विचारलं तर बाई म्हणाल्या, "पद्धतच आहे तशी."

1990 नंतरचं मला लांबवायचं नाही. दौरे आणि कर्ज, कर्ज आणि दौरे. 1992 मध्ये कंपनी दक्षिण आफ्रिकेत जाऊन आली, ही त्यातली अभिमानाची गोष्ट. मिचेल सोपे गृहस्थ नव्हते. वजन, शिस्त, बोलणं, सगळ्यात त्यांचा धाक असे, आणि 1997 मध्ये त्यांच्याच नर्तकांनी संप केला. 2004 मध्ये वीस लाख डॉलरहून जास्त कर्जापायी कंपनी थांबली. शाळा चालू राहिली, पण आठ वर्षं त्या शाळेतून तयार झालेल्या मुलीला आपली म्हणावी अशी कंपनीच नव्हती. एक अख्खी पिढी तिथे गळाली. व्हर्जिनिया जॉन्सनच्या हाताखाली 2012 मध्ये कंपनी पुन्हा उभी राहिली, आकाराने लहान होऊन. 2021 मध्ये मॅकेन्झी स्कॉट यांनी 1 कोटी डॉलर दिले. तेव्हा मिचेल जाऊन जवळजवळ तीन वर्षं झाली होती.

मिस्टीवर माझा राग नाही, हे पुन्हा सांगते. जून 2015 मध्ये तिने मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये 'स्वान लेक' केलं, तेव्हा शेवटी फुलं घेऊन रंगमंचावर आल्या त्या रेव्हन विल्किन्सन आणि ह्यूस्टन बॅलेची लॉरन अँडरसन. आपल्या आधी कोण होतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. विसरले ते लिहिणारे आणि तिकिटं विकणारे. डेब्रा ऑस्टिन 1982 मध्ये पेनसिल्व्हेनिया बॅलेत प्रिन्सिपल झाली होती, लॉरन 1990 मध्ये ह्यूस्टनला. लिडिया अबार्का 1975 मध्येच 'डान्स मॅगझिन'च्या मुखपृष्ठावर होती. शीला रोहन तीन मुलांची आई असून हार्लेमच्या पहिल्या तुकडीत नाचली. लिडिया, शीला आणि त्यांच्या तीन जुन्या मैत्रिणींना 2020 मध्ये स्वतःच परिषद स्थापून आम्ही होतो असं जगाला सांगावं लागलं. सत्तरीच्या आसपासच्या बायकांवर ही वेळ यावी?

मे 2025 मध्ये अमेरिकेच्या सरकारी कला निधीने कित्येक संस्थांना मंजूर केलेली अनुदानं मागे घेतली, आणि कालपर्यंत वैविध्याच्या गोष्टी करणाऱ्या मोठ्या संस्था आता तो विषय टाळू लागल्या आहेत. मिस्टीची जागा कोण घेणार, एवढीच चर्चा चालू आहे. मला मागच्या ओळीचं विचारायचं आहे. कोअरमध्ये आज किती काळ्या मुली उभ्या आहेत? आठव्या वर्षी शाळेत आलेल्यांपैकी सोळाव्या वर्षी किती उरतात, आणि त्यांच्या शूजचे पैसे कोण भरतं? प्रत्येक मोठ्या कंपनीने दर हंगामाच्या कार्यक्रमपत्रिकेत हे आकडे छापावेत, देणगीदारांची नावं असतात त्याच पानावर.