हाक मारली तरी कुत्रा येत का नाही?

‘सुटला की ऐकतच नाही’ ही तक्रार छत्रपती संभाजीनगरात सिडकोपासून सातारा परिसरापर्यंत कुत्रा पाळणाऱ्या घरोघरी ऐकू येते. तक्रारीच्या मागोमाग निदानही तयार असतं: जातच तशी आहे.

मराठवाड्यात हे निदान सगळ्यांत जास्त कारवानी आणि पश्मी कुत्र्यांच्या वाट्याला येतं. कारवानी आखूड केसांचा, पश्मीच्या कानांवर आणि शेपटीवर लांब रेशमी केस. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी इंग्लंडच्या राजाला भेट दिल्यामुळे ‘मुधोळ हाउंड’ म्हणून नावाजलेला कुत्राही याच कुळातला. हे कुत्रे वासापेक्षा नजरेनं शिकार करणारे. मोकळ्या रानात दूरवर काही हललं की पाय सुटतात. शिकारी माणूस फार मागे राहायचा, त्यामुळे पुढचा निर्णय कुत्र्यानं स्वतःच घ्यायचा, आणि अशीच कुत्री पिढ्यानपिढ्या निवडली गेली. धावण्याची ही ओढ जन्मजात आहे यात शंका नाही. पण हाकेला परत येणं कोणत्याच जातीत जन्मजात नसतं, लॅब्राडोरमध्येही नाही. ते शिकवावं लागतं. कारवान्याला शिकवायला वेळ जास्त लागतो, आणि ऐन पाठलागात असलेला कारवानी परत फिरेल याची खात्री कुणी देऊ नये. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की बीड बायपाससारख्या वाहत्या रस्त्यालगत, कुंपण नसलेल्या जागी असा कुत्रा कधीच मोकळा सोडू नये, तो कितीही शहाणा असला तरी.

जातीपेक्षा खोलवर रुजलेला गैरसमज दुसराच आहे: ‘त्याला सगळं कळतं, तो मुद्दाम करतो.’

दिवसभरात आपण कुत्र्याला कधी कधी हाक मारतो ते आठवून पाहा. मैदानावर खेळ रंगात आला की घरी न्यायला. अंघोळ घालायला. औषध पाजायला. पाहुणे आले की बांधून ठेवायला. हाकेनंतर लगेच जे घडतं तोच कुत्र्याच्या लेखी हाकेचा अर्थ. मजा संपते किंवा त्रास सुरू होतो एवढंच हाक सांगत असेल, तर न येणं हे त्याच्या बाजूनं अगदी सरळ वागणं आहे. त्यात भर म्हणजे अर्धा तास हुंदडून तो आपण होऊन परत येतो, तेव्हा रागाच्या भरात त्याला एक फटका बसतो. मालकाच्या मनात शिक्षा पळून जाण्याची असते. कुत्र्यानं मात्र त्या क्षणी केलेली गोष्ट म्हणजे परत येणं, आणि शिक्षा तिलाच चिकटते. पुढच्या वेळी तो पाच हातांवर थांबतो, घुटमळतो, पुन्हा निसटतो.

यावर हमखास उत्तर मिळतं: ‘चूक कळते हो त्याला, तोंड बघा कसं करतो!’ कान पाडलेला, नजर चोरणारा तो चेहरा अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेनं प्रयोग करून तपासला. अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. ‘हा खाऊ खायचा नाही’ असं बजावून मालक खोलीबाहेर जायचा. कधी कुत्रा खरंच खाऊ खायचा, कधी खायचा नाही, आणि मालकाला काही वेळा मुद्दाम चुकीची माहिती दिली जायची. ‘अपराधी’ चेहऱ्याचा संबंध कुत्र्यानं खाल्लं की नाही याच्याशी आढळला नाही, मालक रागावला की नाही याच्याशी आढळला. निर्दोष कुत्रेही ओरडा बसला की तसाच चेहरा करत होते. आपण ज्याला पश्चात्ताप समजतो ती आपल्या रागाला घाबरून दिलेली प्रतिक्रिया असते. कितीही उशिरा आला तरी आलेल्या कुत्र्याचं कौतुकच करायचं, ते यासाठी.

मग शिकवायचं कसं? जुन्या हाकेला वाईट अनुभव चिकटले असतील तर ती सोडून द्या आणि नवा शब्द घ्या. ‘इकडे’ चालेल, शिट्टीही चालेल. सगळ्या घरानं तोच शब्द वापरायचा आणि रागावताना कधीही वापरायचा नाही. सुरुवात घरातच, दोन पावलांवरून. शब्द एकदाच उच्चारायचा, तो आला की त्याच क्षणी खाऊ द्यायचा. घरात भाकरीचा तुकडा पुरतो. बाहेर मटणाच्या दुकानाचा वास आणि दुसरी कुत्री यांच्यापुढे भाकरी टिकत नाही, तिथे उकडलेल्या कलेजीचे किंवा चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे हवेत. मनुका, द्राक्षं, कांदा आणि चॉकलेट मात्र कधीच नको, ते कुत्र्याला विषारी आहेत.

‘ही तर लाच झाली’ असं म्हणणारे बरेच भेटतात. खाऊ आधी दाखवून बोलावलं तर ती लाच खरी. खाऊ खिशात ठेवून, तो आल्यावर दिला तर ते काम केल्याचं मोल आहे. सवय पक्की झाली की दर वेळी खाऊ द्यावा लागत नाही. कधी मिळतो, कधी नुसती शाबासकी, आणि अशा अनिश्चित बक्षिसावर टिकलेली सवय सहज मोडत नाही. खाऊपेक्षाही मोठं बक्षीस बहुतेक लोक वापरतच नाहीत: बोलवा, पट्टा धरा, खाऊ द्या आणि पुन्हा खेळायला सोडा. बोलावण्यानं खेळ संपत नाही हे त्याला दहातल्या आठ वेळा अनुभवायला मिळालं, तर उरलेल्या दोन वेळा तो घरीही आनंदानं येतो.

घरी ऐकतो म्हणजे मैदानावरही ऐकेल, हीसुद्धा चुकीची समजूत. कुत्रा जागेसकट शिकतो. दिवाणखान्यात पक्कं झालेलं गच्चीवर पुन्हा शिकवावं लागतं, मग सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मग पहाटे गर्दी नसताना आमखाससारख्या मोठ्या मैदानाच्या कडेला. या सगळ्या काळात दहा मीटरची हलकी दोरी लागते. मोंढ्यात मिळणारी साधी सुती दोरीही चालते. ती गळपट्ट्याला नाही, छातीवरच्या पट्ट्याला बांधायची, म्हणजे झटका मानेला बसत नाही. कारवानी-पश्मीचं डोकं अरुंद असल्यामुळे साधा गळपट्टा तसाही निसटतो. दोरी ओढून त्याला आणायचं नसतं, हाक वाया जाऊ नये एवढंच तिचं काम. गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांची टोळी समोर असेल तर त्या दिवशी हाकेची परीक्षा घेऊच नका, सरळ अंतर वाढवा. उन्हाळ्यात सराव सूर्य वर येण्याआधी आटोपावा, कारण तापलेलं डांबर पंजे भाजतं.

हल्ली विजेचा झटका देणारे गळपट्टे ऑनलाइन सहज मिळतात, आणि पळणाऱ्या कुत्र्यावर हाच शेवटचा उपाय असं सांगितलं जातं. इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. बोलावल्यावर न येणारे 63 कुत्रे तीन गटांत विभागले आणि त्यातल्या एकाच गटाला झटक्याच्या पट्ट्यानं शिकवलं. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत बक्षिसावर भर दिलेल्या गटातले कुत्रे पहिल्या हाकेला जास्त प्रतिसाद देत होते. झटक्याचा कसलाही जादा फायदा दिसला नाही. वेल्समध्ये तर या पट्ट्यांवर 2010 पासून बंदी आहे. मुका जीव विनाकारण दुखावणारं साधन विकत घेण्याचं मग कारण काय उरतं?

नसबंदीनं नराचं मादीमागे भटकणं बरंच कमी होतं, पण हाकेला येणं ती शिकवत नाही. ‘म्हातारा झाला, आता काय शिकणार’ हेही खरं नाही, ऐकू येतंय आणि भूक आहे तोवर कुत्रा शिकतो. कायम साखळीला बांधून ठेवणं हा तर उपायच नाही. साठलेली ताकद सुटल्याबरोबर उसळते. शिवाय बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही तर 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार तो गुन्हा ठरतो. दुसऱ्या बाजूनं, निष्काळजीपणे सोडलेल्या कुत्र्यामुळे कुणाला इजा होण्याचा धोका निर्माण झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

आणि तरीही एखाद्या दिवशी फाटक उघडं राहिलं तर? त्याच्यामागे धावू नका, धावलात की पाठलागाचा खेळ सुरू होतो. उलट दिशेला पळा किंवा खाली बसा, आनंदी आवाजात बोलवा. दिवाळीच्या फटाक्यांना घाबरून पळालेल्या कुत्र्याला मात्र भीतीपुढे हाकेचं भानही उरत नाही, त्या दिवसांत दाराआतही पट्टा अंगावर असू द्या. त्यावर तुमचा मोबाइल नंबर कोरलेला बिल्ला हवाच. त्वचेखाली बसवलेली चिप कुत्रा कुठे आहे ते सांगत नाही. तिच्यात फक्त ओळखक्रमांक असतो, आणि तोही कुणीतरी कुत्र्याला पकडून वाचनयंत्रापर्यंत नेलं तरच दिसतो. बिल्ल्यावरचा नंबर मात्र रस्त्यावरचा कुणीही वाचू शकतो.