कळलावी, सदाफुली आणि पेशीचे चक्र

श्रावण-भाद्रपदात घोडबंदर रस्त्याने काजूपाडा, चेणे या बाजूला गेले की झुडपांवर चढलेली कळलावी दिसू लागते. पानाच्या टोकाला आधार शोधणारा ताणा आणि ज्वाळेसारख्या उलट वळलेल्या पिवळ्या-तांबड्या पाकळ्या. अग्निशिखा हे नाव तिला का मिळाले, ते वेगळे सांगावे लागत नाही. आपण तिला लांगली म्हणून ओळखतो, उपविषांत गणतो आणि शोधनावाचून वापरीत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘ई-१’ परिशिष्टातील विषारी द्रव्यांतही तिचे नाव आहे. तिच्या कंदात व बियांत कोल्चिसिन असते. पेशीविभाजनासारख्या विषयाचा आरंभ आम्ही या वेलीपासून करीत आहोत, कारण विभाजनाचे यंत्र उलगडण्यात कोल्चिसिनचा मोठा वाटा आहे. शिवाय ते यंत्र समजले, म्हणजे कर्करोगाचे उपचार घेत असताना आपल्याकडे येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत आपण कोठे थांबावे, हेही समजते.

प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच निर्माण होते, हा सिद्धान्त रूडॉल्फ फिरखो यांनी १८५५ मध्ये मांडला. चरकसंहितेच्या शारीरस्थानात शरीराचे अवयव परमाणुभेदाने असंख्य, अतिसूक्ष्म व इंद्रियांना अगोचर असल्याचे सांगितले आहे. त्यावरून ‘पेशी आपल्या आचार्यांना ठाऊक होती’ असे व्याख्यानांतून म्हटले जाते. आमच्या मते तसे म्हणू नये. परमाणू म्हणजे पेशी नव्हे, आणि चरकांच्या विचाराचे मोल सूक्ष्मदर्शकाच्या दाखल्यावर अवलंबून नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रांची हालचाल पाहून वाल्थर फ्लेमिंग यांनी १८८२ मध्ये सूत्री विभाजनाचे सविस्तर वर्णन केले. पुढे बराच काळ, दोन विभाजनांच्या मधल्या वेळात पेशी विश्रांती घेते, अशीच समजूत होती. ती १९५३ मध्ये अल्मा हॉवर्ड व स्टीफन पेल्क यांच्या प्रयोगांनी मोडली. वनस्पतीच्या मुळांच्या टोकांना किरणोत्सारी फॉस्फरस देऊन त्यांनी दाखविले की डीएनएची दुप्पट होण्याची क्रिया याच ‘विश्रांती’च्या एका ठराविक भागात घडते. त्या भागाला ‘एस’ म्हणतात. त्याच्या आधीचा ‘जी-१’ व नंतरचा ‘जी-२’. प्रत्यक्ष विभाजन म्हणजे ‘एम’. प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी पेशीला हे चक्र पूर्ण करण्यास साधारण २४ तास लागतात, आणि त्यांतील ‘एम’ जेमतेम एका तासाचा असतो. ज्या पेशींना विभाजन करावयाचेच नसते, त्या चक्राबाहेर ‘जी-०’ स्थितीत राहतात.

त्या एका तासात काय होते? दुप्पट झालेली ४६ गुणसूत्रे आखूड व जाड होतात, मध्यावस्थेत पेशीच्या विषुववृत्तावर ओळीने येतात, आणि दोन्ही ध्रुवांकडून आलेले तर्कूचे तंतू प्रत्येक जोडीचे अर्धे-अर्धे आपल्याकडे ओढून घेतात. हे तंतू म्हणजे ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या सूक्ष्मनलिका. कोल्चिसिन या ट्युब्युलिनलाच चिकटते, त्यामुळे नलिका बांधली जात नाही आणि गुणसूत्रे मध्यावस्थेत खोळंबून राहतात. संशोधकांनी या विषाचा मोठ्या कौशल्याने उपयोग करून घेतला. माणसाची गुणसूत्रे ४८ असे तोपर्यंत मानले जात होते. त्जिओ व लेवान यांनी पेशी कोल्चिसिनने थांबवून मोजणी केली आणि १९५६ मध्ये ती ४६ असल्याचे प्रसिद्ध केले. ट्युब्युलिनचा शोधही, कोल्चिसिन पेशीत कशाला चिकटते याचा माग काढतानाच, १९६० च्या दशकात लागला.

येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. तंतू नसले तरी पेशी पुढचे पाऊल टाकून अर्धवट वाटणी का करीत नाही? कारण तिच्यात तपासणीची व्यवस्था आहे. एकही गुणसूत्र तंतूला नीट जोडलेले नसेल, तर पुढे जाण्याची अनुमती मिळत नाही. अशीच चौकी ‘जी-१’च्या अखेरीस आणि ‘जी-२’च्या अखेरीस असते. ही अनुमती देणारी प्रथिने म्हणजे सायक्लिन व त्यांच्या जोडीने काम करणारी विकरे. सायक्लिन हळूहळू साठते, विकराला कार्यान्वित करते आणि काम झाले की नष्ट केले जाते. चक्र उलटे फिरत नाही ते यामुळे. टिम हंट यांना ते १९८२ मध्ये सागरी अर्चिनच्या अंड्यांत आढळले. यीस्टवर काम करणारे लेलंड हार्टवेल व पॉल नर्स यांच्यासमवेत त्यांना २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. डीएनए दुखावला असता चक्र रोखून धरणारे ‘पी-५३’ हे प्रथिन मानवाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत बिघडलेले असते. अर्बुदाची पेशी नेहमीच विलक्षण वेगाने वाढते असे नाही. तिच्या चौक्या निकामी झालेल्या असतात.

या अभ्यासाची परंपरा आपल्यापासून दूर नाही. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत अनुभव घेतला आणि परतल्यावर परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. त्या संस्थेचे कार्य आज खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’मध्ये चालते.

आता सदाफुली. आपल्या भागातील कित्येक मधुमेही सकाळी तिची पाने किंवा फुले चघळतात. नेमक्या याच लौकिकामुळे १९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल व चार्ल्स बीअर यांनी जमैकाहून आलेली तिची पाने तपासली. अर्काने उंदरांची साखर काही उतरली नाही. श्वेतपेशी मात्र झपाट्याने घटल्या. त्यातून व्हिनब्लास्टिन आणि पुढे व्हिनक्रिस्टिन ही औषधे मिळाली. तीही ट्युब्युलिनलाच धरतात. साखरेसाठी सदाफुली चघळणाऱ्याला आम्ही हा इतिहास सांगतो आणि ती बंद करावयास लावतो.

अशी औषधे रोगट व निरोगी पेशींत भेद करीत नाहीत. चक्रात असलेल्या पेशींना गाठतात. आतड्याचे अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवे होते, अस्थिमज्जा अखंड पेशी घडवीत असते, केसांच्या मुळाशीही तेच. कळलावीच्या विषबाधेतही प्रथम वांत्या व अतिसार, काही दिवसांनी रक्तपेशींची घट आणि दोन-तीन आठवड्यांनी केशपात, असाच क्रम दिसतो.

परळला टाटा रुग्णालयात औषध घेऊन भाईंदरला परतलेला रुग्ण दहाव्या दिवशी ज्वर आला म्हणून आपल्याकडे येतो, कारण आपण जवळ आहोत. पावसाळ्यात आपल्याला हिवताप व डेंग्यूची सवय झालेली असते. परंतु सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या सुमारास श्वेतपेशी नीचांकाला असतात. त्या नसल्यामुळे पू होत नाही, घशाची लालीही बेताचीच असते, आणि प्रकृती पाहता पाहता ढासळते. ताप १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक असेल, तर सुदर्शन चूर्ण देऊन उद्या बोलावू नये. त्याच घटकेस त्याच्या कागदपत्रांसह रुग्णालयात धाडावे. तेथे पोहोचल्यावर तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू होणे आवश्यक असते.

दुसरा प्रसंग मलावष्टंभाचा. चेतापेशी विभाजित होत नसल्या, तरी त्यांच्या लांब तंतूंतील वाहतूक सूक्ष्मनलिकांवरूनच चालते. म्हणून व्हिनक्रिस्टिनने हातापायांना मुंग्या येतात आणि आतड्याची गती मंदावते. लक्षणे वाताची दिसतात, आणि वात म्हटले की आपला हात बस्तियंत्राकडे जातो. श्वेतपेशी व बिंबिका कमी असताना गुदमार्गाने काहीही देणे धोक्याचे आहे. किंचित ओरखड्यातूनही जंतू रक्तात शिरतात. त्या काळात बस्ती नको, तीव्र विरेचनही नको. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना दूरध्वनी करून विचारण्यात आम्हाला कधी कमीपणा वाटलेला नाही.

केसांच्या मुळाशी असलेल्या मूलपेशी बहुतांशी चक्राबाहेर असल्याने वाचतात, आणि उपचार संपल्यानंतर काही आठवड्यांनी डोक्यावर लव दिसू लागते. त्याचे श्रेय आपण दिलेल्या माक्याच्या तेलाला देण्याचा मोह आम्हालाही अनेकदा झालेला आहे.