बुडत्या कंपनीचा भागधारक : रांगेत सर्वांत शेवटी

कंपनी दिवाळखोरीत निघाली की तिच्या मालमत्तेतून कोणाला आधी पैसे मिळायचे, हे नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ च्या कलम ५३ ने ठरवून दिले आहे. पहिला हक्क प्रक्रियेच्या खर्चाचा. त्यानंतर तारण घेऊन कर्ज देणारे आणि कामगारांची २४ महिन्यांपर्यंतची देणी, मग इतर कर्मचाऱ्यांचे वर्षभराचे पगार, विनातारण कर्ज देणारे, सरकारी देणी, इतर देणी, प्रेफरन्स शेअरधारक आणि सर्वांत शेवटी साधा भागधारक. वरच्याचे देणे पुरते चुकते झाल्याशिवाय खालच्याला दमडी मिळत नाही.

‘डीएचएफएलचे शेअर डीमॅट खात्यातून गेले कुठे?’ असे एका वाचकाने विचारले आहे.

उत्तर या क्रमातच आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये डीएचएफएल या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीचा शेअर एकाच दिवसात ४० टक्क्यांहून अधिक कोसळला. नोव्हेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त करून कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत नेली. धनकोंचे दावे ८७,००० कोटींच्या घरात होते आणि पिरामल समूहाची मंजूर योजना ३४,२५० कोटींची. रांगेत पुढे असलेल्या मुदतठेवीदारांनाही पूर्ण रक्कम मिळाली नाही. भागधारकासाठी काही उरण्याचा प्रश्नच नव्हता. जून २०२१ मध्ये योजनेला मंजुरी मिळाली आणि जुने शेअर रद्द झाले. तरीही व्यवहार बंद होईपर्यंत लोक हा शेअर पैसे मोजून घेत होते. कंपनी वाचली, धंदा चालू राहिला, भागधारक मात्र संपला. ‘कंपनी सावरणार’ आणि ‘शेअर सावरणार’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याविरुद्ध हमखास पुढे केले जाणारे उदाहरण रुची सोया या खाद्यतेल कंपनीचे. पतंजलीने ती दिवाळखोरी प्रक्रियेतून ४,३५० कोटींना घेतली. जुन्या शंभर शेअरांचा एक शेअर झाला. जानेवारी २०२० मध्ये सतरा रुपयांच्या आसपास पुन्हा सुरू झालेला भाव जूनपर्यंत दीड हजारावर गेला. मात्र त्या वेळी लोकांच्या हाती जेमतेम एक टक्का शेअर होते. माल नसलेल्या बाजारात भाव असाच चढतो. तेव्हा ज्याने विकले त्याला पैसे मिळाले, पण हा अपवाद आहे. त्यावर गुंतवणुकीचे धोरण उभारता येत नाही.

शंभराचा शेअर दहावर आला म्हणजे तो स्वस्त झाला, हा समज सर्वांत महागात पडतो. दहाचा शून्य झाला तरी नुकसान शंभर टक्केच. म्हणून भाव पाहण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात : कामकाजाच्या नफ्यातून व्याज भागते का, धंद्यातून रोख रक्कम खरोखर येते का, आणि राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने कंपनीविरुद्धचा अर्ज दाखल करून घेतला आहे का. शेवटची माहिती शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर कंपनीच्या घोषणांमध्ये फुकट मिळते.

अर्ज दाखल झालेल्या कंपनीत ‘ॲव्हरेज’ करण्यासाठी नवा पैसा घालू नये. जुना शेअर हाती असेल आणि गिऱ्हाईक मिळत असेल, तर विकून मोकळे व्हावे.