‘यात आमचा काय दोष?’

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा उन्हाळ्याच्या दिवसांत बुलढाण्यात सकाळचे साडेसहा झालेले असतात. चिखली, मेहकर, मलकापूर, खामगाव या भागांतील कितीतरी घरांत हीच मुलांच्या दूरध्वनीची वेळ. पुण्यातून किंवा हैदराबादेतून पुढे कॅलिफोर्नियाला गेलेला मुलगा घरी परतताना गाडीतून बोलतो आणि इकडे आईवडील पहिल्या चहाचा कप हातात धरून ऐकतात. रक्तदाबाची गोळी घेतली का, पाऊस झाला का, नातू मराठी बोलतो का, हे विषय ठरलेले. गेल्या काही वर्षांत त्यांत एका विषयाची भर पडली. मुलगा सांगतो की कंपनीत दोन तट पडले आहेत, आणि कशावरून ते आईवडिलांना नीटसे उमगत नाही.

या वादांचा उगम ठाऊक असलेला बरा. 25 मे 2020 रोजी मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाला. त्यानंतर अमेरिकेतील मोठमोठ्या कंपन्यांनी वर्णद्वेषाविरुद्ध निवेदने काढली, आणि तेथेच कर्मचाऱ्यांत मतभेद सुरू झाले. काहींना ती निवेदने पोकळ वाटली, तर काहींना वाटले की कंपनीने आपले काम करावे, समाजकारणात पडू नये. 1 जून रोजी फेसबुकच्या शेकडो कर्मचाऱ्यांनी घरूनच काम थांबवून आपल्याच कंपनीच्या धोरणाचा निषेध केला. उलट कॉइनबेस या कंपनीच्या प्रमुखाने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जाहीर केले की असले विषय कार्यालयाबाहेर ठेवावेत, ज्यांना हे पटत नसेल त्यांनी भरपाई घेऊन जावे. सुमारे 60 जण गेले.

आपल्या मुलांच्या बाबतीत हा प्रश्न वर्णावरून जातीवर आला. 30 जून 2020 रोजी कॅलिफोर्निया राज्याच्या शासकीय विभागाने सिस्को कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. एका दलित अभियंत्याला त्याच्याच भारतीय वरिष्ठांनी जातीवरून कमी लेखले, तो आयआयटीत राखीव जागेवर आला होता हे सहकाऱ्यांत पसरवले, आणि तक्रार केल्यावर त्याची कोंडी केली, असा त्यातील आरोप. कंपनीने तो नाकारला. 2023 मध्ये त्या दोन वरिष्ठांविरुद्धचा भाग राज्याने मागे घेतला, कंपनीविरुद्धचा दावा मात्र चालू ठेवला. एप्रिल 2022 मध्ये गूगलमध्ये जातिभेदावर दलित कार्यकर्त्या थेनमोळी सौंदरराजन यांचे व्याख्यान ठरले होते. काही भारतीय कर्मचाऱ्यांनी ते हिंदुविरोधी असल्याची तक्रार केली. व्याख्यानाने सलोख्याऐवजी दुही वाढते आहे असे सांगून कंपनीने ते रद्द केले. व्याख्यान व्हावे म्हणून चारशेंहून अधिक कर्मचाऱ्यांनी सह्या केल्या होत्या, आणि ते योजणाऱ्या तनुजा गुप्ता यांनी पुढे नोकरी सोडली. ॲपलने मात्र आपल्या आचारसंहितेत जातीचा उल्लेख स्पष्ट शब्दांत घातला. फेब्रुवारी 2023 मध्ये सिॲटल नगरपरिषदेने जातिभेदावर बंदी आणली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसाच कायदा संमत केला, पण सध्याच्या कायद्यात हे संरक्षण आहेच असे सांगून राज्यपालांनी ऑक्टोबर 2023 मध्ये तो नाकारला. या साऱ्यात तिकडच्या मराठी कुटुंबांतही दोन मते होती आणि आहेत. सह्या करणारा आणि तक्रार करणारा, दोघेही एकाच गणेशोत्सवात आरतीला उभे असू शकतात.

इकडून आईवडिलांचे उत्तर बहुधा एकच असते: तू त्यात पडू नकोस, आपले काम बरे की आपण बरे. मायेपोटी दिलेला हा सल्ला आहे. पण कंपनीचे व्यवस्थापनही नेमके हेच म्हणत असते, आणि आपल्या भागाला हे उत्तर नवे नाही.

खामगावची कापसाची बाजारपेठ एकेकाळी साऱ्या वऱ्हाडात नावाजलेली होती. जलंबहून खामगावपर्यंतचा लोहमार्ग 1870 मध्ये झाला तो या कापसासाठी. वऱ्हाडचा कापूस मुंबईकडे जाई. तेथील गिरण्यांत दलित कामगार पुष्कळ होते, पण सूतकताईच्या खात्यांत. विणकामाच्या खात्यात, म्हणजे साच्यांवर, त्यांना प्रवेश नव्हता, आणि अधिक मजुरी होती ती तेथेच. कारण सांगितले जाई ते धोट्याचे. कांडी संपली की विणकराने नवी कांडी धोट्यात बसवायची आणि तोंड लावून, श्वास ओढून धागा छिद्रातून बाहेर काढायचा. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या हाती जाणार. सवर्ण कामगारांना हा विटाळ चालणारा नव्हता. एकमेकांची थुंकी मात्र त्यांना चालत होती!

आरोग्याच्या दृष्टीने पाहिले तर ती रीत सर्वांनाच वाईट. ओठांतून जंतू पसरतात, श्वासाबरोबर कापसाची धूळ छातीत जाते. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने अशा धोट्यांवर 1911 मध्येच बंदी घातली होती. हाताने धागा ओवता येणारे धोटेही निघाले होते. ते सर्वत्र आणले असते तर विटाळाची सबबही संपली असती आणि छातीचे दुखणेही कमी झाले असते.

1928 च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या गिरण्यांत मोठा संप झाला. सुमारे दीड लाख कामगार जवळजवळ सहा महिने बाहेर होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले की दलितांना सर्व खात्यांत काम मिळण्याची मागणी तुम्ही घेतली नाही, तर मी त्यांना संपापासून दूर राहण्यास सांगेन. पुढाऱ्यांनी ती नाइलाजाने घेतली. मागणी समोर आली तेव्हा गिरणीमालकांना हसू आले. हा अन्याय असेल तर तो तुमच्याच कामगारांनी केलेला आहे, यात आमचा काय दोष, अशी त्यांची भूमिका होती. शब्दशः पाहिले तर ते खोटे नव्हते. पण साचे त्यांचे होते, नोकरभरती त्यांची होती, आणि कोणाला कोठे उभे करायचे हे ठरवणारा जॉबरही त्यांच्याच पगारावर होता.

पुढच्या दशकातील दुसरे उदाहरण आपल्या दाराशी येते. मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही आपल्या जिल्ह्यातील स्थानके तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवर होती. या रेल्वेच्या दलित कामगारांची परिषद फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला भरली. तेथे बाबासाहेबांनी दाखवून दिले की दलित माणूस रुळांवर गँगमन म्हणून राबतो, पण साधा पोर्टरही होऊ शकत नाही. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागतात, आणि त्या घरात दलिताचा हात चालत नाही. म्हणजे रेल्वेच्या नोकरीचा निर्णय अखेर स्टेशनमास्तरच्या स्वयंपाकघरात होत होता.

या गोष्टी आरोग्यविषयक पाक्षिकात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे उत्तर शरीर देते. ब्रिटनमधील सरकारी नोकरांचा ‘व्हाइटहॉल’ नावाचा अभ्यास 1967 मध्ये सुरू झाला. त्यात सुमारे 18 हजार पुरुषांची पाहणी झाली. हे सगळे कार्यालयात बसून काम करणारे, उपाशी कोणीच नव्हता. तरीही खालच्या पायरीवरच्यांत हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण वरच्यांपेक्षा ठळकपणे जास्त निघाले, आणि धूम्रपान किंवा रक्तदाब हिशेबात धरूनही तो फरक पुरता मिटला नाही. पुढच्या टप्प्यात असे दिसले की आपल्याला अन्यायाने वागवले जाते असे ज्यांना वाटे, त्यांच्यात हृदयविकार अधिक होता.

अमेरिकेत डेव्हिड विल्यम्स या अभ्यासकाने 1997 मध्ये रोजच्या भेदभावाचे मोजमाप करणारी एक छोटी प्रश्नावली तयार केली. तिच्यात मारहाण, जाळपोळ असे काही नाही. लोक तुमच्याशी इतरांपेक्षा कमी सौजन्याने वागतात का? तुम्हाला बुद्धी कमी आहे असे धरून चालतात का? दुकानात तुमच्याकडे दुर्लक्ष होते का? असे हे प्रश्न आहेत. या बारीकसारीक टोचण्यांचा झोपेशी, उदासीनतेशी आणि रक्तदाबाशी संबंध अनेक पाहण्यांत आढळला. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री झोपेत थोडा उतरतो. सतत सावध राहणाऱ्या शरीराला ही उसंत मिळत नाही.

म्हणून मुलाचा दूरध्वनी येईल तेव्हा सल्ल्याआधी एक प्रश्न विचारावा: झोप लागते का? तो तक्रार करणाऱ्यांच्या बाजूचा असो वा ज्याच्यावर तक्रार झाली त्या बाजूचा, हा प्रश्न दोघांनाही लागू पडतो. मग तुझे म्हणणे सांग, मी ऐकतो, एवढेच म्हणावे. ज्यांनी गावात स्वतः पाणवठ्यावरचे अंतर सोसले आहे त्या आईवडिलांची छाती हे ऐकून धडधडते. मुलाला गप्प बसवून ती शांत होत नाही. त्यांनीही आपल्या डॉक्टरांना हे सांगावे. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस ही शासकीय सेवा 14416 या क्रमांकावर मोफत आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

आपल्या देशातील खासगी कंपन्यांची स्थितीही सांगितली पाहिजे. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी 10 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती 2013 च्या कायद्याने बंधनकारक आहे. जातीवरून होणाऱ्या वागणुकीसाठी खासगी कंपनीत अशी समिती बंधनकारक नाही.

आता थोडे घरातले. ज्या घरात अंथरुणाला खिळलेल्या आजोबांसाठी मावशी किंवा मदतनीस ठेवली आहे, ते घर तिच्या दृष्टीने कार्यालयच आहे, आणि त्या कार्यालयाचे व्यवस्थापक आपण. तिचा कप वेगळ्या फळीवर असतो का? ती जेवते कोठे? घरातले शौचालय तिला वापरता येते का? शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारतो आहे. बारा तासांच्या पाळीत शौचालय मिळणार नाही हे ठाऊक असलेली बाई पाणीच कमी पिते. आपल्याकडचा मे महिना लक्षात घ्या. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, चक्कर, उष्णतेचा त्रास हे त्यामागोमाग येते, आणि मग रुग्णाला कुशीवर वळवणारे तेच हात थरथरतात. ‘आरोग्यासाठी’ वेगळा कप ठेवतो असे कोणी म्हणेल, तर क्षयरोग कपाने पसरत नाही, हवेतून पसरतो. पोटाचे जंतू साबणाने धुतलेल्या भांड्यावर आणि धुतलेल्या हातांवर टिकत नाहीत, मग ते हात कोणाचेही असोत. कप वेगळा ठेवायचाच असेल तर आजारी माणसाचा ठेवावा.

आणखी एक अवघड प्रसंग अनेक घरांत येतो. स्मृतिभ्रंशाने मेंदूतील संयम सुटतो आणि एरवी शब्द जपून वापरणारे आजोबा मावशीला तिची जात काढून बोलतात, तिच्या हातचे पाणी लोटून देतात. आजार हे त्याचे कारण असेल. पण घाव तिला बसतोच. घरच्यांचे ठरलेले उत्तर असते, ‘मनावर घेऊ नका, त्यांना कळत नाही.’ तेच गिरणीमालकांचे उत्तर, घरगुती शब्दांत. अमेरिकेतील मायो क्लिनिकने रुग्णच कर्मचाऱ्याचा वर्ण किंवा वंश काढून अपमान करतो तेव्हा काय करावे याची रीत घालून दिली आहे: वरिष्ठाने मध्ये पडायचे, असे बोलणे येथे चालणार नाही हे सांगायचे आणि घडले ते नोंदवायचे.

आपल्या घरात नोंदवही नसली तरी मध्ये पडता येते. आजोबांशी वाद घालू नये, त्यांचे लक्ष दुसरीकडे वळवावे, पाण्याचा पेला आपण घ्यावा. मग मावशीला बाहेरच्या खोलीत बसवून, ते बोलले ते चुकीचे होते आणि त्याबद्दल आम्ही माफी मागतो, असे घरातल्या कर्त्या माणसाने स्वतः सांगावे. सुनेवर सोपवू नये. तिला त्या दिवशी लवकर जायचे असेल तर पाळीचे पैसे न कापता जाऊ द्यावे. परदेशातील मुलगा दूरध्वनीवर असेल तर त्यालाही हे सांगावे. मदतनिसाचा पगार बहुधा तोच पाठवत असतो.