गावानं बोलावलंय का? सेवासहलींविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

नुसतं फिरून येण्यापेक्षा कुणाच्या तरी उपयोगी पडून यावं, असं वाटणारे प्रवासी आता मराठी घरांतही बरेच दिसतात. कुणाची मुलगी बारावीनंतर नेपाळमध्ये मुलांना शिकवायला निघते, कुणी निवृत्त जोडपं लडाखच्या गावात जाऊन राहतं, ऑफिसातला एखादा गट पाड्यावरच्या शाळेच्या भिंती रंगवून येतो. ही इच्छा मोलाची आहे, म्हणूनच ती कुठे खर्च होते ते पाहायला हवं. या इच्छेचा आता बाजार झाला आहे आणि बाजारात गिऱ्हाईक मागेल ते तयार करून मिळतं. अनाथ मुलं मागितली, तर अनाथ मुलंसुद्धा.

सहल निवडताना मला एकच प्रश्न महत्त्वाचा वाटतो: हे काम तिथल्या माणसांनी मागितलं आहे का, आणि नको असेल तर नाही म्हणण्याची मोकळीक त्यांना आहे का? पुढचे गैरसमज याच प्रश्नावर घासून पाहू.

"दोन आठवडे अनाथाश्रमात राहिलो, तर मुलांना तेवढीच माया मिळते"

सगळ्यात जास्त पसरलेला आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारा गैरसमज हाच. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथाश्रमांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली. युद्ध तर केव्हाच संपलं होतं. वाढत होते ते अंगकोर वाट पाहायला येणारे पर्यटक. युनिसेफ आणि तिथलं सरकार यांच्या पाहणीत निघालं ते असं, की या आश्रमांतल्या दर चार मुलांपैकी साधारण तिघांच्या आई-वडिलांपैकी किमान एक जण हयात होता. गरीब आई-बापांना 'शहरात शिकेल, पोटभर जेवेल' असं सांगून मुलं आणली जात होती आणि पाहुण्यांसमोर ती अनाथ म्हणून उभी केली जात होती.

नेपाळमध्ये तर आपल्याकडचे ट्रेकर दरवर्षी मोठ्या संख्येनं जातात, म्हणून तिथलं जास्त सविस्तर सांगतो. १९९६ ते २००६ या यादवीच्या काळात हुमला या अतिदुर्गम जिल्ह्यात दलाल फिरत होते. मुलाला लढाईत ओढून नेतील या भीतीनं पालक जमीन-जुमला विकून दलालाला पैसे देत, आणि तो मुलांना काठमांडूत आणून सोडून देत असे किंवा एखाद्या 'बालगृहा'त भरती करत असे. कॉनर ग्रेनन हा अमेरिकी तरुण अशाच एका बालगृहात स्वयंसेवक म्हणून आला. मुलांचे आई-वडील जिवंत आहेत हे कळल्यावर तो पायी हुमलाच्या डोंगरांत जाऊन त्यांना शोधू लागला, आणि २००६ मध्ये त्यानं मुलांना घरी पोचवणारी 'नेक्स्ट जनरेशन नेपाळ' ही संस्था सुरू केली. नेपाळची बालगृहं कुठे आहेत हे पाहिलं तरी पुष्कळ कळतं. गरिबी मोठी ती हुमला ज्यात येतो त्या कर्णालीच्या डोंगरांत, पण बालगृहांची गर्दी काठमांडू खोरं, पोखरा आणि चितवन इथे, म्हणजे जिथे पर्यटक उतरतात तिथे. २०१५ च्या भूकंपानंतर पालकांविना मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर आणि नवी बालगृहं नोंदण्यावर सरकारला निर्बंध घालावे लागले, ते याच धास्तीनं.

चालक प्रामाणिक असला तरी दुसरा प्रश्न उरतोच. दर पंधरवड्याला नवी ताई येते, लळा लावते, रडत निरोप घेते, आणि मग पुढची ताई येते. आल्या आल्या अनोळखी पाहुण्याच्या मांडीवर चढणारं मूल पाहून आपल्याला भरून येतं, पण बालमानसशास्त्राच्या दृष्टीनं ती काळजीची खूण आहे. रुमानियातल्या बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झालेल्या दीर्घ अभ्यासानं दाखवून दिलं, की संस्थेत वाढणाऱ्या बाळांची वाढ आणि बुद्धी मागे राहते, आणि तीच बाळं लहान वयात एखाद्या कुटुंबात गेली तर बरीच सावरतात. मुलाला लागतं ते कायमचं माणूस. ऑस्ट्रेलियात २०१७ मध्ये संसदीय समितीनं अनाथाश्रम-पर्यटनाचा प्रश्न मुलांच्या तस्करीशी जोडून मांडला आणि २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनंही बालहक्कांच्या ठरावात या पर्यटनाच्या धोक्यांची दखल घेतली.

तेव्हा नियम सरळ ठेवावा: पोलीस पडताळणीशिवाय, प्रशिक्षणाशिवाय, अल्प मुदतीच्या पाहुण्याला जी संस्था थेट मुलांमध्ये सोडते, तिथे जायचं नाही. मूल घरीच राहावं म्हणून कुटुंबाला आधार देणारी संस्था शोधा आणि पैसे तिला द्या.

"हे परदेशातलं झालं, आपल्याकडे तसं काही नाही"

वाढदिवस बालगृहात साजरा करण्याची पद्धत आपल्याकडे चांगलीच रुळली आहे. केक, टोप्या, रांगेत बसलेली मुलं, आणि संध्याकाळी फोटो सगळ्या ग्रुपांवर. यात मन चांगलं असतं, पण कायदा काय म्हणतो तेही माहीत असावं. बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड होईल असं नाव किंवा छायाचित्र प्रसिद्ध करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. अशा प्रत्येक संस्थेची कलम ४१ नुसार नोंदणी असावी लागते आणि मूल संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय मानावा, हे तत्त्व त्याच कायद्यात आहे. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत मूल कुटुंबातच राहावं म्हणून दरमहा ४,००० रुपयांच्या प्रायोजकत्वाची तरतूद आहे, आणि महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. ओळखीच्या एखाद्या विधवा आईला या योजनेचा अर्ज भरून देणं, कागदपत्रं जमवायला तिच्याबरोबर दोन खेटे घालणं, याचं मोल वाढदिवसाच्या पंगतीहून कितीतरी जास्त आहे. संशयास्पद काही दिसलं तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहेच.

"काम कसंही झालं तरी मदत ती मदतच"

पिप्पा बिडल या अमेरिकी लेखिकेनं २०१४ मध्ये लिहिलेला अनुभव जगभर गाजला. शाळकरी वयात ती शाळेतल्या मुलींबरोबर टांझानियात वाचनालय बांधायला गेली होती. दिवसभर मुली विटा रचत, आणि रात्री गावातले गवंडी त्या कच्च्या भिंती उतरवून पुन्हा नीट बांधत. सकाळी मुलींना काही कळू नये म्हणून हा सगळा खटाटोप! मुलींच्या विमानभाड्यात त्या गवंड्यांची किती महिन्यांची मजुरी निघाली असती, हा विचार मला अस्वस्थ करतो.

आपल्या सह्याद्रीतही उत्साहानं केलेलं काम अंगलट येतं. गडावरचं बांधकाम चुन्याचं असतं. त्यावर सिमेंट थापलं तर ओल आत कोंडते आणि जुना दगड झिजतो. संरक्षित स्मारकाला परवानगीशिवाय हात लावणं तर १९५८ च्या कायद्यानं गुन्हाच आहे. पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली, जाणकार संस्थांबरोबर टाक्यांतला गाळ काढणं, कचरा खाली आणणं, ही कामं खुशाल करावीत. झाडं लावण्याचंही तसंच. कोकणातला सडा किंवा कासचं पठार उघडं दिसतं म्हणून ते ओसाड नव्हे. पातळ मातीत, पावसाळ्याच्या चार महिन्यांत जगणाऱ्या वनस्पतींचं ते घर आहे. तिथे खड्डे खणून रोपं लावणं किंवा बियांचे गोळे फेकणं म्हणजे त्या वनस्पतींच्या मुळावर येणं. रोप कुठलं, जागा कुठली आणि पुढची तीन वर्षं पाणी कोण घालणार, हे विचारल्याशिवाय वृक्षारोपणाच्या सहलीला नाव नोंदवू नका.

"पिल्लाला दूध पाजलं म्हणजे वन्यजीव वाचले"

थोडक्यात सांगतो. दक्षिण आफ्रिकेत 'अनाथ' सिंहाचे छावे सांभाळायला स्वयंसेवक पैसे भरून जात. २०१५ च्या 'ब्लड लायन्स' या माहितीपटानं दाखवलं, की छावे जन्मानंतर काही दिवसांतच आईपासून तोडलेले असतात, आणि मोठे झाल्यावर त्यांतले अनेक कुंपणातल्या शिकारीसाठी विकले जातात. माणसाच्या हातावर वाढलेला सिंह जंगलात सोडता येत नाही. २०२१ मध्ये तिथल्या सरकारनं ही बंदिस्त पैदास थांबवण्याची शिफारस स्वीकारली. जिथे प्राण्याला हात लावू देतात, मिठी मारू देतात, त्याच्यावर बसू देतात, तिथे संवर्धन होत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी निवड सोपी होते.

"गावात राहिलो म्हणजे पैसा गावालाच जातो"

नेहमी नाही. 'ग्रामीण अनुभव' अशी पाटी लावलेलं रिसॉर्ट बाहेरच्याचं असू शकतं. भाजी शहरातून येते, व्यवस्थापक शहरातला असतो आणि गावाच्या वाट्याला भांडी घासणं उरतं. म्हणून घर कुणाचं, स्वयंपाक कोण करतं, वाटाड्या कुठला आणि माझ्या हजार रुपयांतले किती या दारात राहतात, हे थेट विचारावं. नीट चालणारी संस्था हे न चिडता सांगते.

चांगलं काम कसं दिसतं ते पाहायला मंडणगड तालुक्यातलं वेळास आहे. नाना फडणवीसांचं हे गाव. किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासविणी अंडी घालायच्या आणि ती अंडी चोरीला जायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. एका घरट्यात साधारण शंभर अंडी असतात. ती अलगद उचलून कुंपण घातलेल्या जागेत पुरतात आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुण्यांची सोय गावातल्या घरांतच होऊ लागली: घरचंच जेवण, घरातलीच खोली. रात्रीची गस्त, मोजदाद आणि घरट्यांची देखभाल गावातले कासवमित्र करतात. पाहुण्यानं करायचं ते इतकंच, की दोरीच्या मागे उभं राहायचं, फ्लॅश बंद ठेवायचा आणि पिल्लाला हात लावायचा नाही. पिल्लं उजेडाच्या दिशेनं वळतात, त्यामुळे फ्लॅशनं त्यांची वाट चुकते. आणि वाळूवरून स्वतः चालत समुद्रात जाणं त्यांना गरजेचं मानलं जातं, म्हणून कुणी उचलून पाण्यात सोडत नाही. शिवाय पिल्लं तुमच्या सुट्टीचा दिवस पाहून बाहेर येत नाहीत. ती दिसतीलच अशी हमी कुणी देत असेल, तर त्याच्याकडे संशयानंच पाहावं.

लडाखमध्ये हेमिस राष्ट्रीय उद्यानातल्या गावांनी असाच मार्ग काढला. हिमबिबटे शेळ्या-मेंढ्या मारत आणि चिडलेले गावकरी त्यांच्यावर उठत. पाहुण्यांना घरात ठेवण्याचा उपक्रम सुरू झाला, घरं पाळीपाळीनं पाहुणे घेऊ लागली आणि कमाईतला काही हिस्सा गावाच्या संवर्धन निधीत जमा होऊ लागला. वेंगुर्ल्यात मांडवीच्या खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत कांदळवन दाखवतात. केरळात कुमारकोमला तर पाहुण्यांनी काही करण्याचीही गरज पडली नाही. २००८ च्या सुमारास हॉटेलांनी भाजी, अंडी, नारळ कुटुंबश्रीच्या महिला गटांकडून घ्यायला सुरुवात केली आणि ज्यांना पर्यटनातून आधी काहीच मिळत नव्हतं त्यांच्या हातात पैसा येऊ लागला. स्वयंसेवक होण्यापेक्षा नीट पैसे मोजणारा पाहुणा होणं पुष्कळदा जास्त उपयोगाचं असतं, हे माझं पक्कं मत आहे.

"सेवेचे पैसे मागतात, म्हणजे फसवणूक"

तुमचं राहणं, जेवण, तुम्हाला शिकवणाऱ्या माणसाचा वेळ, याचा खर्च कुणीतरी करतंच. तो गावावर पडू नये. त्यामुळे शुल्क असण्यात गैर काही नाही, हिशोब न दाखवण्यात आहे. फुकट सहल कधीकधी जास्त महाग पडते, ती गावाला. परदेशी जाणाऱ्यांनी आणखी एक तपासावं: अनेक देशांत पर्यटक व्हिसावर बिनपगारी कामसुद्धा चालत नाही, आणि एजंट हे आपण होऊन सांगत नाही.

"आठवड्याभरात काय होणार?"

वर इतक्या ठिकाणी 'करू नका' म्हटल्यावर असं वाटणं स्वाभाविक आहे. पण थोड्या दिवसांचं कामही सार्थ होतं, जर ते आधीपासून चालू असलेल्या कामात बसत असेल. बाबा आमट्यांनी १९६७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली. मे महिन्याच्या उन्हात तरुण तिथे येतात, सकाळी श्रमदान करतात, नंतर ऐकतात, वाद घालतात. काही दिवसांत जिल्हा बदलून टाकू असा तिथे कुणाचा दावा नसतो. छावणी आहे ती येणाऱ्यांना घडवण्यासाठी आणि ते उघडपणे सांगितलं जातं. पानी फाउंडेशनच्या जलसंधारणासाठीच्या वॉटर कप स्पर्धेत, २०१६ ते २०१९ या वर्षांत, गावकरी आधी प्रशिक्षण घेत, चर कुठे खणायचे ते ठरवत आणि एप्रिल-मेच्या उन्हात दीड महिना स्वतः राबत. १ मे रोजी शहरांतून जलमित्र, म्हणजे स्वयंसेवक, येत तेव्हा आखणी झालेली असे, कुदळी तयार असत आणि चुन्याच्या फक्कीनं मारलेल्या रेघेच्या आत खणायचं असे. पाहुणे संध्याकाळी परत जात. दुसऱ्या दिवशी सकाळी गावकरी पुन्हा कामाला लागत.